एच४सी३ (मानवी जनुक)

मानवाच्या सहाव्या गुणसूत्राच्या आखूड बाहूवर, ६पी२२.२ या पट्ट्यात असलेले जनुक. यावरून हिस्टोन एच४ हे प्रथिन तयार होते. हिस्टोन म्हणजे डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळलेला असतो ती प्रथिने. जुन्या अहवालांत आणि शोधनिबंधांत हेच जनुक ‘हिस्ट१एच४सी’ या नावाने येते. माणसात नेमके हेच प्रथिन बनवणारी एकूण १४ जनुके आहेत. त्यांतली ११ सहाव्या गुणसूत्रावर, दोन पहिल्या गुणसूत्रावर आणि एक बाराव्या गुणसूत्रावर आहे. प्रत्येक जनुकाच्या आईकडची आणि वडिलांकडची अशा दोन प्रती धरल्या, तर एका पेशीत या एकाच प्रथिनाच्या कृतीच्या २८ प्रती होतात.

माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ ताणला तर सुमारे दोन मीटर भरतो. तो ज्या केंद्रकात मावतो त्याचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही बहुधा कमीच असतो. पैठणच्या मागावर कांडीला रेशीम गुंडाळतात, तसा हा धागा आठ हिस्टोनांच्या गठ्ठ्याभोवती पावणेदोन वेढ्यांच्या आसपास गुंडाळलेला असतो. या गठ्ठ्यात एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ यांचे प्रत्येकी दोन रेणू असतात. त्यांच्याभोवती डीएनएच्या अक्षरांच्या सुमारे १४७ जोड्या वेढलेल्या असतात. या घटकाला न्यूक्लिओसोम म्हणतात. मधल्या मोकळ्या धाग्यासह दर २०० जोड्यांमागे एक न्यूक्लिओसोम धरला, तर एका पेशीत तीन कोटींहून अधिक न्यूक्लिओसोम आणि त्यांत सहा कोटींहून अधिक एच४ रेणू होतात.

मराठवाड्यातल्या कोणत्याही महाविद्यालयात जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा गुंडाळलेला डीएनए पहिल्यांदा दिसतो तो कांद्याच्या मुळाच्या टोकावर. ॲसिटोकार्मिनने रंगवून काचपट्टीवर दाबलेल्या त्या पेशींमध्ये जी जाडसर गुणसूत्रे दिसतात, त्यांत डीएनएच्या जवळजवळ वजनाइतकीच हिस्टोने असतात. सूक्ष्मदर्शकाखाली नजर लावून बसलेल्या मुलांना ‘हा डीएनए’ असे सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. तिथेच दोन मिनिटे थांबून हिस्टोनाचा उल्लेख झाला तर फार बरे, कारण डीएनए असा घट्ट, दिसण्याजोगा होण्यात या प्रथिनांचा मोठा वाटा असतो.

हिस्टोनांचा शोध जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञ आल्ब्रेख्ट कोसेल यांनी १८८४ मध्ये पक्ष्यांच्या लाल रक्तपेशींवर काम करताना लावला. पुढे कितीतरी दशके हिस्टोने म्हणजे डीएनएला चिकटलेला निव्वळ भराव, असाच समज होता. १९७४ मध्ये रॉजर कॉर्नबर्ग यांनी आठ हिस्टोनांच्या गठ्ठ्याची कल्पना मांडली. कॅरोलिन ल्युगर आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये न्यूक्लिओसोमची अणूंच्या पातळीवरची रचना प्रसिद्ध केली, तेव्हा कोणते अमिनो आम्ल (प्रथिनाच्या साखळीतली कडी) कुठे टेकते हे स्पष्ट दिसले.

एच४ हे आकाराने लहान प्रथिन आहे. सुरुवातीचे मेथिओनिन गळून गेल्यावर १०२ अमिनो आम्ले उरतात. त्यांत ११ लायसिन आणि १४ आर्जिनिन असतात, म्हणजे जवळपास चौथा हिस्सा धनभारित. डीएनए ऋणभारित असल्याने दोघांची पकड आपोआप बसते. या प्रथिनाचे खरे आश्चर्य त्याच्या स्थैर्यात आहे. १९६९ मध्ये डीलँज, फॅमब्रो, स्मिथ आणि बॉनर यांनी वासराच्या थायमस ग्रंथीतले एच४ आणि वाटाण्याच्या रोपांतले एच४ अमिनो आम्लागणिक ताडून पाहिले. १०२ पैकी फक्त दोन जागा वेगळ्या निघाल्या. ६० व्या जागी वासरात व्हॅलिन तर वाटाण्यात आयसोल्युसिन, आणि ७७ व्या जागी वासरात लायसिन तर वाटाण्यात आर्जिनिन. बदललेली अमिनो आम्लेही एकमेकांच्या जातकुळीतलीच.

हा निष्कर्ष आपल्या शिवारात आणून पाहावा. लातूर जिल्ह्यातली देवणी गाय, नांदेडकडची लाल कंधारी आणि त्यांची राखण करणारा माणूस, या सगळ्यांच्या पेशींत एच४ची अमिनो आम्ले अगदी एकसारखी आहेत. बांधापलीकडची तूर वाटाण्याच्याच कुळातली. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचे बीडीएन ७११ हे वाण असो की घरचे जुने बियाणे, वनस्पतींमध्येही हे प्रथिन जवळपास एकाच साच्यातले असते. वनस्पती आणि प्राणी यांचे पूर्वज एकमेकांपासून शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेवढ्या काळात इतर अनेक प्रथिने ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. एच४ जवळजवळ जागचे हलले नाही. याचे कारण त्याच्या कामात आहे. त्याचा जवळपास प्रत्येक भाग डीएनएला, शेजारच्या हिस्टोनाला किंवा त्यांना हाताळणाऱ्या विकरांना टेकलेला असतो. त्यामुळे बहुतेक बदल कुठेतरी बाधतात आणि तो बदल असलेला जीव मागे पडतो.

जनुकांची अक्षरे मात्र इतकी अचल नाहीत. १४ जनुकांचे डीएनए क्रम एकमेकांपासून बरेच वेगळे आहेत, पण फरक बहुतेक करून कोडॉनच्या (एक अमिनो आम्ल ठरवणाऱ्या तीन अक्षरांच्या गटाच्या) तिसऱ्या अक्षरात असतात आणि त्यांमुळे अमिनो आम्ल बदलत नाही. नैसर्गिक निवड कशाची होते आणि कशाची होत नाही, हे समजवायला याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

एच४सी३ची घडणही इतर बहुसंख्य मानवी जनुकांपेक्षा वेगळी आहे. त्यात मध्ये कापून टाकायचे इंट्रॉन नाहीत. त्याच्या संदेशवाहक आरएनएला (प्रथिन बनवण्यासाठी जनुकावरून काढलेल्या नकलेला) शेवटी ॲडेनिनांची शेपटी नसते. त्याऐवजी आरएनए स्वतःवर दुमडून झालेली एक गाठ असते. पेशी विभाजनाआधी डीएनएची दुसरी प्रत काढते, त्या काही तासांत हा आरएनए झपाट्याने वाढतो आणि काम संपताच नष्ट केला जातो. त्या अवधीत पेशीला आणखी सहा कोटींच्या घरात एच४ रेणू लागतात. एका जनुकाने ते भागत नाही, म्हणून इतक्या प्रती. गरज संपल्यावर मोकळी हिस्टोने उरली तर ती पेशीला अपायकारक ठरतात, म्हणून इतकी काटेकोर आवराआवर.

एच४ची सुरुवातीची वीसेक अमिनो आम्ले गठ्ठ्याबाहेर लोंबत राहतात. या शेपटीतल्या ५, ८, १२ आणि १६ व्या लायसिनवर ॲसिटिल गट नावाचे छोटे रासायनिक तुकडे बसवले वा काढले जातात. व्हिन्सेंट ऑलफ्री यांनी १९६४ मध्ये हिस्टोनांवरच्या ॲसिटिल गटांचा संबंध जनुकांच्या कामाशी जोडला. १६ व्या लायसिनवर ॲसिटिल असले की न्यूक्लिओसोम एकमेकांना घट्ट बिलगत नाहीत आणि तिथला डीएनए वाचण्यासाठी मोकळा राहतो. अनेक कर्करोगांत ही खूण कमी झालेली आढळते.

हे जनुक वैद्यकात ठळकपणे आले ते २०१७ मध्ये. एच४च्या ९१ व्या लायसिनच्या जागी दुसरे अमिनो आम्ल घालणारी उत्परिवर्तने (जनुकाच्या क्रमातले बदल) एच४सी३मध्ये सापडली. ती असलेल्या मुलांत बौद्धिक वाढ मंदावलेली, डोके लहान आणि उंची कमी होती. झेब्रामाशाच्या भ्रूणांत तसेच बदललेले प्रथिन घातल्यावर त्यांचीही वाढ बिघडली. पुढे एच४च्या इतर काही जनुकांतही असेच दोष आढळले. आता या विकाराला टेसाडोरी–व्हान हाफ्टेन संलक्षण (सिंड्रोम) म्हणतात. तो अतिशय दुर्मीळ आहे. २८ प्रतींपैकी २७ निर्दोष असताना एक बिघडल्याने काय होणार, असे वाटू शकते. पण बिघडलेले प्रथिन वाया जात नाही. ते चांगल्या रेणूंबरोबर न्यूक्लिओसोममध्ये जाऊन बसते. ९१ वे लायसिन एच४ आणि एच२बी जिथे जुळतात त्या सांध्यावर आहे, त्यामुळे तेथील जुळणी आणि डीएनएची दुरुस्ती दोन्हींवर परिणाम होतो.

मराठवाड्याच्या संदर्भात एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत इथे अनेक समाजांत आहे, आणि मूल उशिरा बोलू-चालू लागले की पहिले बोट नात्यातल्या लग्नाकडे जाते. त्याच्या जोडीला ग्रहणात आईने काहीतरी चिरले, हाही दोष तिच्या माथी येतो. नात्यातल्या लग्नामुळे अप्रभावी विकारांची, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असल्यावरच होणाऱ्या विकारांची, शक्यता वाढते, हे खरे आहे. ग्रहणाचा मात्र कशाशीच संबंध नाही. एच४सी३चा विकार प्रभावी आहे. त्याला एकच सदोष प्रत पुरते, आणि बहुतेक वेळा ती प्रत आईवडिलांकडून आलेली नसते. बीजपेशी घडताना किंवा गर्भधारणेच्या सुमारास नव्याने झालेली चूक असते. अशा घरात पुढच्या बाळाला तोच विकार होण्याचा धोका साधारण एक टक्का धरतात. बाधित व्यक्तीला स्वतःचे मूल झाले तर मात्र तो धोका निम्मा असतो. निदान जनुकांच्या क्रमवाचनानेच होते, आणि अहवालात जनुकाचे जुने नाव असले तरी अर्थ तोच असतो.

विकार मुळापासून बरा करणारे औषध नाही. मदत होते ती वाचा-उपचार, भौतिकोपचार आणि विशेष शिक्षणाची, आणि तीही लवकर सुरू झाली तर. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा तपासणी करतात. वाढीत मागे असलेल्या मुलांना जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. अंगणवाडीत वजनाबरोबर डोक्याचा घेरही टेपने मोजून नोंदवला, तर अशी मुले कितीतरी आधी लक्षात येतील.