माशादोच्या दोन नोटा: एक हजार क्रुझादो आणि एक क्रुझादो नोव्हो

कादंबरीकार माशादो दे असिस यांचं चित्र असलेल्या ब्राझीलच्या या दोन नोटा शेजारी ठेवल्या तर चित्र एकच, रंग एकच, छापील आकडाही १०००च. फक्त एकीच्या दर्शनी बाजूवर काळा त्रिकोणी शिक्का आहे. तो पाहून नवख्या संग्राहकाला नोट रद्द झालेली वाटते. प्रत्यक्षात ती नव्या चलनात चालावी, म्हणूनच हा शिक्का मारला होता.

बिनशिक्क्याची नोट १९८७ ची. महागाई आवरण्यासाठी सरकारने फेब्रुवारी १९८६ मध्ये जुन्या चलनातल्या हजार क्रुझेरोंचा नव्या चलनातला एक क्रुझादो केला होता. त्या क्रुझादोची ही हजाराची नोट. पण महागाई काही थांबली नाही. जानेवारी १९८९ मध्ये पुन्हा तीन शून्यं उडवली आणि हजार क्रुझादोंचा एक 'क्रुझादो नोव्हो' झाला. नव्या नोटा तयार होईपर्यंत जुन्याच नोटेवर त्रिकोणात '१ क्रुझादो नोव्हो' असं छापून काम भागवलं. म्हणून शिक्क्याच्या नोटेवर १००० आणि १ असे दोन्ही आकडे दिसतात, आणि त्यातला १ खरा धरायचा. बिनशिक्क्याची नोटही तेव्हा बाजारात होतीच, तिचीही किंमत आता एकच क्रुझादो नोव्हो. म्हणजे १९८९ मध्ये दोन्ही नोटांना सारखाच माल मिळत होता.

चित्रासाठी मात्र यातली कुठलीही नोट हातात घ्यावी. समोर कादंबरीकार माशादो दे असिस (१८३९–१९०८) आणि ब्राझीलच्या साहित्य अकादमीचं बोधचिन्ह; या अकादमीचे ते पहिले अध्यक्ष. मागे रिओ दि जानेरोतला जुना 'प्रिमेरो दे मार्सो' रस्ता. तरुणपणी सरकारी छापखान्यात उमेदवारी केलेल्या माणसाचा चेहरा देशाच्या नोटेवर छापला गेला, हे मला फार मोलाचं वाटतं.

ओळखताना एक काळजी घ्या. १९८६ मध्ये क्रुझेरोच्या नोटांवर मारलेला शिक्का गोल होता, १९८९ चा त्रिकोणी, १९९० चा आयताकृती. पण १९९३ मध्ये 'क्रुझेरो रेआल' हे आणखी एक चलन आलं तेव्हा शिक्का पुन्हा गोलच होता. तेव्हा गोल शिक्का दिसला की आतलं चलनाचं नाव वाचा आणि मगच साल ठरवा.