गंज दिसतो एकीकडे, पत्रा जातो दुसरीकडे

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस गाडीभोवती एक चक्कर मारतो, दारावर तपकिरी डाग दिसला की नाक मुरडतो आणि खाली वाकल्यावर काळाकुळकुळीत ताजा अंडरकोट, म्हणजे तळाला मारलेला गंजरोधक थर, दिसला की खूश होतो. माझ्या मते या दोन्ही वेळी तो चुकतो. खडी उडून रंगाचा टवका गेलेल्या जागी उघड्यावर चढलेला गंज बहुतेक वेळा वरवरचा असतो. आणि विकण्याआधी घाईने मारलेल्या काळ्या थराखाली पत्रा शिल्लक आहे की नाही, हे वरून कळायला मार्ग नसतो.

लोखंड, पाणी आणि ऑक्सिजन एकत्र आले की गंज चढतो, हे आपण शाळेत शिकलो. त्यामुळे जिथे हवा जास्त तिथे लोखंड जास्त खाल्लं जाणार, असं वाटणं साहजिक आहे. प्रत्यक्षात बऱ्याचदा उलटं घडतं. केंब्रिजच्या युलिक इव्हान्स यांनी १९२०च्या दशकात ते मिठाच्या पाण्याच्या एका थेंबात दाखवून दिलं. हा प्रयोग मला फार आवडतो. पॉलिश पेपरने घासून लख्ख केलेला लोखंडी पत्रा घ्यायचा. मिठाच्या पाण्यात थोडं फिनॉल्फ्थॅलीन आणि थोडं पोटॅशियम फेरिसायनाइड ही रंग बदलून खूण देणारी रसायनं मिसळून त्याचा एक थेंब पत्र्यावर ठेवायचा आणि न हलवता बघत बसायचं. सुरुवातीला निळे-गुलाबी ठिपके कुठेही उमटतात. मग हळूहळू थेंबाची कड गुलाबी होते आणि मधला भाग निळा.

निळा रंग म्हणजे तिथे लोखंड विरघळतंय. गुलाबी रंग म्हणजे तिथे अल्कली तयार होतेय. थेंबाच्या कडेला पाण्याचा थर पातळ असतो, हवेतला ऑक्सिजन तिथे पटकन पोचतो. मध्यभागी पोचायला त्याला वेळ लागतो, म्हणून तिथला ऑक्सिजन लवकर संपतो. थेंबाच्या दोन भागांत असा फरक पडला की विजेचा घट तयार होतो. मधलं लोखंड इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात उतरतं, ते इलेक्ट्रॉन पत्र्यातूनच कडेकडे जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाणी ते घेऊन हायड्रॉक्साइड बनवतात. पाण्यात उतरलेलं लोखंड आणि हायड्रॉक्साइड यांची गाठ मध्य आणि कड यांच्या अधेमधे पडते आणि तपकिरी गंजाचं कडं तिथे साचतं. म्हणजे खड्डा पडतो मध्ये आणि डाग दिसतो बाजूला!

आता थेंबाच्या जागी चाकाच्या कमानीत आतून चिकटलेला चिखल ठेवा, किंवा दोन पत्रे जोडलेली शिवण. आत ओल आहे, पण हवा नाही. बाहेर दोन्ही आहेत. घट तयार. त्यात मीठ असेल तर प्रकरण आणखी चिघळतं. विरघळलेल्या लोखंडाचा धन विद्युतभार भरून काढायला क्लोराइडचे आयन फटीत शिरतात. आतलं लोखंडी क्षार पाण्याशी अभिक्रिया करून आम्ल सोडतं, आम्लामुळे लोखंड आणखी विरघळतं, मग आणखी क्लोराइड आत येतं. हे चक्र एकदा फिरायला लागलं की वरून रंगाचा हात मारून थांबत नाही.

मिठाचं दुसरं काम हवेतली ओल ओढण्याचं. हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधं मीठ आपोआप पाझरतं. समुद्री मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही ओलं राहतं. म्हणून मालवणात किंवा वरळीला समुद्रासमोर उभी राहणारी गाडी पाऊस नसतानाही ओली असते, आणि तेच मॉडेल सोलापुरात वर्षानुवर्षं टिकतं. नंबरप्लेटवरून मात्र पक्कं ठरवू नका. एमएच १२ म्हणजे नोंदणी पुण्याची. त्यानंतर ती गाडी दहा वर्षं अलिबागेत उभी असू शकते.

तेव्हा गाडी गॅरेजच्या रॅम्पवर चढवायला सांगा आणि हवा कमी, ओल जास्त अशा जागा शोधा. दाराच्या खालच्या कडेला पाणी निचरायची छोटी भोकं असतात. ती चिखलाने किंवा अंडरकोटनेच बुजलेली असतील तर काचेवरून आत उतरलेलं पाणी तिथेच साठतं. दाराचं रबर बीडिंग ओढून खालची शिवण बघा. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कित्येक पट असतं, त्यामुळे आतून सडलेली शिवण फुगते आणि रंगाला बारीक फोड येतात. मला सर्वांत मोठी धोक्याची खूण हे फोड वाटतात. स्टेपनी काढून डिकीचा तळ चाचपा. पुढच्या सीटखालचं कार्पेट उचला, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली की ते पाणी गाडीतच येतं आणि फ्लोअर वरून सडतं. कापडात गुंडाळलेलं छोटं लोहचुंबक दाराच्या खालच्या भागावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे जाड पुट्टी भरलेली असणार. अपघातानंतर वेल्डिंग केलेल्या जागाही नीट बघा. कारखान्यात अख्खी बॉडी बुडवून दिलेला प्रायमर वेल्डिंगच्या उष्णतेने जळतो, आणि गॅरेजात तो पुन्हा आतल्या बाजूपर्यंत पोचत नाही.

पुरातल्या गाडीसाठी सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात कितीतरी गाड्या पाण्याखाली होत्या. अशी गाडी बाहेरून चकाचक करता येते, पण बेल्टच्या शेवटच्या वीतभर पट्ट्यात गाळाची रेघ राहते आणि सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस पडतात.

बॅटरीला जोडायची 'इलेक्ट्रॉनिक गंजरोधक' डबी बसवलीय म्हणून कुणी जास्त पैसे मागितले तर देऊ नका. जहाज आणि जमिनीखालची पाइपलाइन विजेने वाचवता येते, कारण त्यांच्याभोवती सलग पाणी किंवा ओली माती असते. हवेत उभ्या गाडीच्या पत्र्यावर तो प्रवाह पोचवणारं काहीच नसतं. आणि शनिवारी लोखंड घरात आणू नये म्हणून ताबा पुढे ढकलणाऱ्यांनी तो शनिवार गाडी खालून बघण्यात घालवावा. लोखंडाला मीठ आणि ओल कळते, वार कळत नाही.

ब्रेकच्या डिस्कवर रात्रीत आलेला तांबूस थर किंवा सायलेन्सरवरचा गंज बघून घाबरू नका. डिस्क उघड्या बिडाची असते आणि दोन-चार ब्रेक मारले की स्वच्छ होते. दाराचा किंवा मडगार्डचा पत्रा बदलता येतो, तो खर्च भावातून वजा करा. पण बॉनेट उघडल्यावर सस्पेन्शनचा वरचा टोक जिथे बसतो तो भाग, दाराखालची लांब पोकळ पट्टी किंवा मागच्या एक्सलचा आधार, यांपैकी काही स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकल्यावर खणखणीत न वाजता भुसभुशीत लागलं, तर मालक कितीही भाव उतरवो, ती गाडी घेऊ नका. धडक बसली तर त्याच भागांनी आतल्या माणसांना वाचवायचं असतं.