बोर्डिंगपासून समुपदेशकापर्यंत

खेड्यातल्या पोराला शाळेत नाव घालून भागत नाही. राहायला जागा, दोन वेळचे जेवण आणि परक्या शहरात आपली म्हणावी अशी माणसे मिळाली, तरच ते टिकते. कोल्हापूरला हे फार लवकर उमगले. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्वांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले, पण ते बहुतांशी एकाच जातीच्या मुलांचे होऊन बसले. म्हणून १९०१ मध्ये मराठा बोर्डिंग उभे राहिले. पाठोपाठ जैन, मुस्लिम, लिंगायत बोर्डिंगे झाली आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. जातवार वसतिगृहांवर आज टीका करता येईल. पण अपमान न गिळता शिकता येईल अशी जागा त्या मुलांना पहिल्यांदा मिळाली, हे मला अधिक मोलाचे वाटते. १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे झाले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एकाच वर्गात बसवण्याचा हुकूम निघाला.

दार उघडले. आत आलेल्या मुलाला काय वाटते, हा प्रश्न मात्र कितीतरी वर्षे कुणी विचारला नाही. छडी होतीच.

१९८४ मध्ये नसीमा हुरजूक यांनी कोल्हापुरात हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड ही दिव्यांगांसाठीची संस्था सुरू केली. पुढच्याच वर्षी लीलाताई पाटील यांनी सृजनआनंद विद्यालय काढले. तिथे शिक्षेला आणि स्पर्धेला थारा नव्हता, मूल काय म्हणते ते शिक्षक ऐकत. आज ज्याला मानसिक स्वास्थ्य म्हणतात, त्याचा पाया अशा वर्गातच घातला जातो, असे मी ठामपणे मानतो.

कायदा मागून आला. शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळही निषिद्ध ठरवला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अध्ययन अक्षमता आणि स्वमग्नता यांची नोंद झाली. तोवर अशी कित्येक मुले ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर गेली होती. मग २०१९ आणि २०२१ चे महापूर आले, मध्ये कोविडने शाळा बंद पाडल्या. चिखली, आंबेवाडी, शिरोळकडच्या मुलांनी आपले घर पाण्यात पाहिले. २०२२ पासून १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा मोफत फोन क्रमांक सुरू आहे.

जुलै २०२५ मध्ये, विशाखापट्टणमला ‘नीट’ या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणाऱ्या १७ वर्षांच्या मुलीच्या मृत्यूप्रकरणी, सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थांत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमण्यास सांगितले. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी रीतसर संपर्क ठेवायचा आहे. गगनबावडा, शाहूवाडी, चंदगडच्या वाड्यावस्त्यांवरच्या कितीतरी शाळांचा पट शंभराच्या आत आहे. तिथल्या गुरुजींनी फोन कुणाला करायचा आणि मुलाला तपासायला कुठे न्यायचे, हे आता तालुक्यातालुक्यात ठरायला हवे.