खडे बाजार, बेळगाव

खडे बाजार : बेळगाव (अधिकृत नाव बेळगावी, 2014 पासून) शहराच्या मध्यवर्ती बाजारपेठेतील एक मुख्य रस्ता. गणपत गल्ली, मारुती गल्ली, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड, रविवार पेठ व भेंडी बाजार हा भोवतालचा पसारा असल्याने ‘बाजारात जाऊन येतो’ म्हणणाऱ्याच्या मनात सहसा हे सगळेच असते. नुसते ‘खडे बाजार’ म्हटले, तर मात्र ‘कुठला?’ असे बेळगावकर हमखास विचारतो, कारण दुसरा खडे बाजार शहापुरात आहे.

शहापूर आज बेळगावचे उपनगर वाटते. पण ही मुळात वेगवेगळ्या अमलांखालची दोन गावे. 1818 मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या ताब्यात गेला, पुढे लष्कराचा कॅम्प वसला, 1836 मध्ये बेळगाव जिल्हा वेगळा झाला आणि पुढे शहर त्याचे ठाणे झाले. शिपाई, कारकून आणि कोर्टकचेरीला येणारे पक्षकार यांच्या गरजांवर शहराची पेठ वाढली. शहापूर सांगली संस्थानात होते. तिथला व्यापार विणकर, सराफ व सावकारांचा. शहापुरी लुगड्यांचे नाव दूरवर गेले होते. 1948 मध्ये संस्थान विलीन झाले आणि मधली हद्द पुसली गेली. नावे मात्र दोन्हीकडे तशीच राहिली.

आगगाडी येण्यापूर्वी इथला माल आंबोली घाटाने वेंगुर्ला बंदराला जाई. 1880 च्या दशकात लोहमार्ग झाला, लोंढ्यावरून गोव्यातील मुरगाव बंदराची वाट खुली झाली आणि वेंगुर्ल्याचे महत्त्व ओसरले. कोकणाशी नाते तुटले नाही. चंदगडचा शेतकरी आणि गोव्याचे गिऱ्हाईक अजूनही खरेदीला बेळगावच गाठते.

जुन्या धंद्यांचा माग इमारतींपेक्षा नावांतून लवकर लागतो. बुरूड गल्ली बांबूकाम करणाऱ्यांची. बोगारवेशीतील ‘बोगार’ म्हणजे कन्नडात कासार. त्या चौकाचे आजचे नाव धर्मवीर संभाजी चौक, पण बोलण्यात जुनेही चालते. शनिवार खूट या नावात वार मराठी वळणाचा, तर चौकासाठीचा ‘खूट’ हा शब्द खास बेळगावी.

किर्लोस्कर रोडची गोष्ट जरा निराळी. किर्लोस्कर बंधूंनी 1888 मध्ये बेळगावात सायकलचे दुकान काढले. लक्ष्मणराव मुंबईतील शिक्षकाची नोकरी सोडून आल्यावर कडबा कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर इथेच घडू लागले. शेतकऱ्यांना लोखंडी नांगराने जमीन नासेल अशी भीती वाटे, त्यामुळे पहिले नांगर खपायला वेळ लागला. पुढे नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या राजांनी जमीन दिली आणि 1910 मध्ये कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. ज्या गावाने कारखाना घालवला, त्याने रस्त्याला नाव दिले!

याच भागातील हुतात्मा चौक जानेवारी 1956 च्या गोळीबारात बळी पडलेल्यांचे स्मारक आहे. बेळगाव म्हैसूर राज्यात घालण्याच्या निर्णयाविरुद्ध तेव्हा लोक रस्त्यावर उतरले होते. 17 जानेवारीला मराठी भाषक इथे अभिवादनाला जमतात. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूकही याच गल्ल्यांतून रात्रभर चालते.

जुनी घरे जांभ्या दगडाची, उतरत्या कौलांची : पुढे दुकान, माडीवर बिऱ्हाड, मागे लांबत गेलेले परसू. रस्तारुंदीत अनेकांचे दर्शनी भाग कापले गेले आणि त्यांवर काचा व पत्रे चढले. वर मान करून पाहिले तर कुठे कुठे मूळची लाकडी माडी दिसते. पाट्यांचे रूपही पालटले आहे. 2024 च्या राज्य कायद्याने पाटीचा 60 टक्के भाग कन्नडला द्यावा लागतो. गल्ल्यावरचा माणूस मात्र गिऱ्हाइकाच्या पहिल्या शब्दावरून मराठी, कन्नड, कोकणी की दखनी हे ओळखतो आणि त्याच भाषेत भाव सांगतो.