दडे बसणे (कानाला)

कानाच्या मार्गात किंवा पडद्यामागे अडथळा आल्यामुळे कान गच्च झाल्यासारखा वाटणे आणि काही काळ कमी ऐकू येणे, याला मराठीत कानाला दडे बसणे म्हणतात. ‘दडा’ या एकवचनापेक्षा ‘दडे’ हे अनेकवचनच अधिक ऐकू येते, मग कान एकच बंद असो वा दोन्ही. प्रचंड आवाजाने कान बधिर होतात त्यास ‘कानठळ्या बसणे’ असा वेगळा वाक्प्रचार आहे. हा भेद शास्त्रीय दृष्ट्याही बरोबर आहे. दड्यात आवाजाची वाट अडते, तर कानठळ्यांत अंतःकर्णातील संवेदक पेशी थकतात किंवा दुखावतात.

दडे बसणे हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे. अडथळा बाह्यकर्णनलिकेत असू शकतो (मळ, पाणी, सूज, बुरशी, शिरलेला किडा, मुलांच्या बाबतीत मणी किंवा हरभऱ्याचा दाणा), किंवा पडद्यामागे मध्यकर्णात. कधी मात्र अडथळा कुठेच नसतो आणि तरीही कान बंद वाटतो. या तिसऱ्या प्रकाराचा विचार शेवटी केला आहे.

कानातील मळ : बाह्यकर्णनलिका प्रौढांत सुमारे २.५ सेंमी. लांब असते. तिच्या बाहेरच्या एकतृतीयांश, कूर्चामय (लवचीक, मऊ हाडाच्या) भागातच केस व मळ तयार करणाऱ्या ग्रंथी असतात; आतील अस्थिमय भागात मळ तयार होत नाही. नलिकेची त्वचा पडद्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने, साधारण नख वाढते त्या गतीने सरकत असते आणि मळ आपोआप बाहेर आणते. म्हणून पडद्यापाशी खोलवर मळ सापडला, तर तो बहुधा काडीने किंवा कापसाच्या बोळ्याने आत ढकललेला असतो. मळाचे ओला व कोरडा असे दोन प्रकार आनुवंशिक आहेत. ओला प्रकार प्रभावी, कोरडा अप्रभावी. हा फरक एबीसीसी११ या जनुकातील एकाच बदलामुळे होतो, हे जपानी संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. पूर्व आशियात कोरडा मळ बहुसंख्य आहे, यूरोप व आफ्रिकेत ओला. दक्षिण आशियात दोन्ही आढळतात.

नलिकेत थोडी फट उरली तरी ऐकणे फारसे कमी होत नाही. ती फट बुजली, की ३० ते ४० डेसिबेलपर्यंत (डेसिबेल हे आवाजाच्या तीव्रतेचे माप) घट येऊ शकते. डोक्यावरून अंघोळ केल्यावर किंवा पोहून आल्यावर ‘एकाएकी’ दडे बसतात ते यामुळेच : मळ महिनोन्महिने साठलेला असतो, त्या दिवशी तो पाण्याने फुगतो इतकेच.

आयुर्वेदातील उल्लेख : सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात २८ कर्णरोग सांगितले आहेत. उत्तरतंत्र हा भाग मूळ संहितेस नंतर जोडला गेला असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा काळ निश्चित नाही, तो इ. स. ५०० च्या सुमारास किंवा त्याआधी सिद्ध झाला असावा. या २८ रोगांपैकी कर्णगूथ (यालाच कर्णवर्च किंवा कर्णविट्क म्हटले आहे) म्हणजे पित्ताच्या उष्णतेने कफ सुकून साठलेला मळ, याबद्दल मतभेद नाही. वाद आहे तो त्यापुढील कर्णप्रतिनाहाविषयी. तोच मळ पातळ होऊन ‘घ्राणमुखा’कडे जातो आणि डोके दुखते, असे त्याचे वर्णन आहे. हा समास ‘नाक व तोंड’ असाही सोडवता येतो आणि ‘नाकाचे मुख’ असाही. कान व घसा यांना जोडणारी यूस्टेशियन नलिका सुश्रुतपरंपरेस ठाऊक होती असे या श्लोकावरून काही आधुनिक वैद्यलेखक मानतात आणि कर्णप्रतिनाह म्हणजे या नलिकेचा रोध असे समीकरण मांडतात. लक्षणे पाहता ते मोहक आहे; सर्दीत कान व डोके एकदम जड होतात हे कोणीही अनुभवलेले असते. परंतु पडदा शाबूत असताना बाहेरचा मळ नाकात उतरू शकत नाही. त्यामुळे पडद्याला छिद्र असलेल्या रुग्णात कानात घातलेले तेल घशात उतरते, हे निरीक्षण या वर्णनामागे असावे, ही मांडणी अधिक सावध वाटते. शारीररचनेचे ज्ञान एका समासावरून सिद्ध करणे कठीण आहे.

उपचारक्रम मात्र निःसंदिग्ध आहे : तेलाने मळ भिजवावा, शेकाने सैल करावा आणि मग वैद्याने शलाकेने (बारीक सळईने) नीट काढावा. आजही आधी मऊ करणे, मग काढणे हाच क्रम पाळतात. कान कोरण्याची साधने याहून पुष्कळ जुनी आहेत. हडप्पा येथे चिमटा व टोचणीबरोबर एकत्र ओवलेले तांब्याचे कानकोरणे मिळाले. त्याचे मेसोपोटेमियातील उर व किश येथील संचांशी साम्य आहे. ते संपर्कामुळे की स्वतंत्रपणे, हे अनिर्णित आहे.

यूस्टेशियन नलिका : मध्यकर्णातील हवेचा दाब बाहेरच्या दाबाइतका राखणारी ही नलिका प्रौढांत सुमारे ३५ मिमी. लांब असते, मुलांत ती आखूड व अधिक आडवी असते. एरवी ती मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना उघडते. क्रोटोनचा ग्रीक विचारवंत ॲल्कमिऑन (इ. स. पू. पाचवे शतक) शेळ्या कानांनी श्वास घेतात असे म्हणे, असा ॲरिस्टॉटलने खोडून काढण्यासाठी उल्लेख केला आहे, तो या नलिकेचा पहिला पुसट संदर्भ समजतात. इटालियन शारीरविद बार्तोलोमेओ युस्ताकी याने केलेले नलिकेचे वर्णन १५६४ मध्ये छापले गेले. तिला युस्ताकीचे नाव दिले ते इटालियन शारीरविद आंतोन्यो व्हाल्साल्व्हाने. नाक-तोंड दाबून कानात हवा भरण्याची व्हाल्साल्व्हाची युक्ती (१७०४) मुळात मध्यकर्णातील पू बाहेर काढण्यासाठी होती. १७२४ मध्ये व्हर्सायचा पोस्टमास्तर गुयो याने वाकडी नळी तोंडातून टाळूमागे घालून स्वतःचेच बहिरेपण कमी केल्याचे पॅरिसच्या विज्ञान अकादमीस कळवले. नळी खरोखर नलिकेच्या तोंडापर्यंत पोचली होती काय, याविषयी नंतरच्या लेखकांना शंका आहे. रुग्ण पाण्याचा घोट गिळत असताना नाकपुडीतून रबरी फुग्याने हवा देण्याची व्हिएन्नाच्या ॲडम पोलिट्झरची रीत १८६३ मधील आहे.

ही नलिका झडपेसारखी वागते. चढताना मध्यकर्णातील जादा हवा सहज सुटते, उतरताना मात्र बाहेरची हवा आत घेण्यासाठी स्नायूंना ती ओढून उघडावी लागते. म्हणून घाट चढताना कानात नुसते ‘टक्’ होते आणि दडे बसतात ते उतरताना. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना उंची सुमारे ५०० मी. कमी होते आणि दाब ४० मिमी. पाऱ्याहून थोडा अधिक वाढतो. गिळले, जांभई दिली की कान सुटतो. विमान उतरताना हा फरक कितीतरी मोठा असतो. तो ८०–९० मिमी.वर गेला की स्नायूंनाही नलिका उघडत नाही. तेव्हा विमान उतरू लागताच, कान गच्च होण्याआधीपासून, गिळत राहावे. तान्ह्याला त्या वेळी पाजावे. सर्दी असताना जोरात नाक दाबून हवा भरू नये.

सर्दी-पडशानंतर मध्यकर्णात साचलेला द्रव मुलांत बहुधा तीन महिन्यांत आपोआप जातो. तोवर मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून वर्गात बोलणी खाते. मुळात त्याला ऐकूच येत नसते. प्रौढात एकाच कानात असा द्रव टिकून राहिला, तर नाकामागील घशाची तपासणी आवश्यक असते, कारण क्वचित तेथील गाठ नलिका दाबत असते.

मळ काढणे : तेलाचे किंवा सोडा-ग्लिसरीनचे थेंब तीन ते पाच दिवस, मग गरज पडल्यास पिचकारी, चिमटा किंवा शोषणयंत्र. पाणी शरीराच्या तापमानाचे (३७° से.) असावे लागते, नाहीतर भोवळ येते. याच निरीक्षणावरून रॉबर्ट बारानी याने अंतःकर्णातील तोलसंस्थेची (शरीराचा तोल राखणाऱ्या यंत्रणेची) परीक्षा बसवली आणि १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळवले. धार पडद्यावर न मारता नलिकेच्या वरच्या-मागच्या भिंतीवर मारतात. बाहेर येतो तो गडद तपकिरी खडा चिंचोक्याएवढा, नलिकेच्या वळणाचाच साचा घेतलेला, एखादा केस चिकटलेला. आणि त्याच क्षणी रुग्णाला पंख्याची घरघर, बाहेरच्या बाकावरची कुजबुज नको इतकी मोठी ऐकू येते. पडद्याला छिद्र असेल, कान फुटत असेल, पूर्वी शस्त्रक्रिया झाली असेल किंवा ऐकू येणारा कान तेवढा एकच असेल, तर पिचकारी वर्ज्य. मधुमेहींनी विशेष जपावे. छिद्र असल्यास तेलही घालू नये.

अडथळ्याविना बंद वाटणारा कान : सकाळी उठल्यावर एक कान बंद, कधी सोबत कर्णनाद (कानात आपोआप येणारा आवाज) किंवा भोवळ, आणि तपासल्यास नलिका स्वच्छ, पडदा उत्तम. हे आकस्मिक संवेदी (अंतःकर्ण किंवा श्रवणतंत्रिका बिघडल्याने येणारे) बहिरेपण असू शकते. ७२ तासांच्या आत लागोपाठच्या तीन कंप्रतांवर (स्वरांच्या उंचीवर) किमान ३० डेसिबेल घट ही त्याची रूढ व्याख्या आहे. रुग्णाला ते हुबेहूब दड्यासारखेच वाटते. तो तेल घालतो, वाफ घेतो, आठवडा जातो. स्टेरॉइडचा उपयोग किती होतो यावर एकमत नाही. काही रुग्ण उपचारांविनाही सुधारतात. तरीही उपचार करायचे तर ते पहिल्या दोन आठवड्यांत, शक्यतो पहिल्या काही दिवसांतच सुरू करावेत, याकडे तज्ज्ञांचा कल आहे.

अडथळ्याचे दडे व हे बहिरेपण या दोहोंतील फरक ओळखण्यास वेबर (१८३४) व रिने (१८५५) यांच्या नादकाट्याच्या (ठोकल्यावर ठरावीक स्वर देणाऱ्या दुपाखी धातुकाट्याच्या) परीक्षा आजही वापरतात. ५१२ हर्ट्‌झचा काटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला, की मळाने किंवा द्रवाने बुजलेल्या कानात आवाज मोठा येतो. अंतःकर्ण बिघडले असेल तर तो चांगल्या कानाकडे जातो. घरी काटा नसला तरी तोंड मिटून ‘म्‌ऽऽ’ असा हुंकार धरता येतो. तो बंद कानात घुमला तर बहुधा वाटेतच अडथळा आहे. दुसऱ्या, चांगल्या कानात घुमला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे आणि श्रवणमापन करून घ्यावे.