एलसीडी, पीपीटी, व्हीसी: सभागृहातल्या शब्दांची मुळं

"सर, एलसीडी लावू का?" असं कॉलेजातला शिपाई विचारतो तेव्हा त्याला प्रोजेक्टर म्हणायचं असतं. एलसीडी हे खरं तर आतल्या एका भागाचं नाव. लिक्विड क्रिस्टल डिस्प्ले म्हणजे प्रकाश कमीजास्त अडवणारा पडदा. लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशासाठी असे तीन चिमुकले पडदे बसवलेला प्रोजेक्टर एप्सनने १९८९ मध्ये बाजारात आणला. आपल्याकडच्या वर्गांत तोवर ओएचपीचं, म्हणजे पारदर्शक पानावरचं लिखाण भिंतीवर पाडणाऱ्या ओव्हरहेड प्रोजेक्टरचं, राज्य होतं. त्याच्यापासून वेगळा ओळखू यावा म्हणून नवा आला तो 'एलसीडी प्रोजेक्टर' असणार, आणि पुढे बोलण्यात शेपूट गळालं. आज डीएलपी जातीच्या यंत्रालाही आपण एलसीडीच म्हणतो. त्यात एलसीडी नसतेच. सूक्ष्म आरशांची चिप असते, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये घडवलेली.

त्याच १९८७ साली मॅकिंटॉशवर पॉवरपॉइंट आलं. गंमत अशी, की पहिली आवृत्ती भिंतीवर काही दाखवण्यासाठी नव्हतीच. ती कृष्णधवल पानं छापून द्यायची आणि त्यांच्या पारदर्शिका करून ओएचपीवर ठेवायच्या. फाइलच्या नावामागची 'पीपीटी' ही तीन अक्षरं आपण उचलली आणि सादरीकरणालाच ते नाव दिलं. 'स्लाइड' हा शब्द त्याहून कितीतरी जुना, मॅजिक लँटर्नच्या, म्हणजे दिव्याच्या उजेडाने चित्र पडद्यावर पाडणाऱ्या जुन्या यंत्राच्या, काचेच्या पट्टीचा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणचे पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं पडद्यावर हलवून दाखवत, आणि त्या खेळाला त्यांनी नाव दिलं होतं 'शांबरिक खरोलिका'. इतका ऐटदार शब्द आपण हरवून बसलो, याची मला अजून हळहळ वाटते.

दृक्श्राव्य हा शब्द मात्र टिकला, तो शाळेमुळे. डी.एड.च्या विद्यार्थ्याला दृक्श्राव्य साधनं म्हटलं की तक्ते आणि नकाशेही आठवतात. अमेरिकेतही दृक्श्राव्य साधनांच्या धंद्याचं मूळ वर्गातच सापडतं. आज एव्हिक्सा नावाने ओळखली जाणारी व्यावसायिकांची संघटना १९३९ मध्ये 'दृश्य शिक्षणा'ची साधनं विकणाऱ्यांनी काढली होती. कंपन्यांच्या मीटिंग रूम नंतर आल्या. आपल्याकडे १९८४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे कार्यक्रम दूरदर्शनवर सुरू झाले आणि पुण्यात शालेय कार्यक्रम बनवणारी बालचित्रवाणी उभी राहिली, तेव्हा हा शब्द सरकारी कागदांत पक्का बसला.

आवाजाकडचे शब्द आणखी जुन्या घराण्यातले. साउंडवाले ज्याला 'पी-३८' म्हणतात ती ६.३५ मिलिमीटरची जाड पिन टेलिफोन एक्स्चेंजमधून आली. ऑपरेटर बायका फळीवरच्या भोकांत जी दोरी खुपसून दोन गिऱ्हाइकं जोडत, तिच्या टोकाची ही पिन. डेसिबलही टेलिफोनवाल्यांचंच माप, त्यातला 'बेल' म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहम बेल. साउंड मिक्सरवरच्या 'फँटम' बटणाने तर अनेक नवशिक्यांना घाबरवलंय. कंडेन्सर माइकला लागणारी वीज वेगळी तार न ओढता आवाजाच्याच तारांतून पाठवायची, म्हणून ती 'भूत'. १९६६ मध्ये नॉर्वेच्या आकाशवाणीला नॉयमन कंपनीचे माइक हवे होते. त्यांच्या स्टुडिओत आपत्कालीन दिव्यांसाठी ४८ व्होल्ट आधीच खेळवलेले होते, तेच वापरायचं ठरलं. आज ठाण्याच्या नाट्यगृहातल्या मिक्सरवरही ४८ हाच आकडा दिसतो, तो त्या दिव्यांमुळे.

शासकीय मराठीने इथे 'ध्वनिक्षेपक' दिला. पोलीस ठाण्यातून परवाना ध्वनिक्षेपकाचा निघतो, मांडवात चढतो तो कर्णा, आणि कार्यकर्ते त्याला भोंगा म्हणतात.

'व्हीसी', म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्सिंग, हा जिल्हाधिकारी कार्यालयांचा लाडका शब्द. "आज दुपारी व्हीसी आहे" म्हटलं की तलाठ्यापासून सगळे सावध. एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीने बोलणाऱ्याचं चित्र दाखवणारा पिक्चरफोन १९६४ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात मांडला होता, पण तो चालला नाही. आपल्याकडे या शब्दाला कायद्याचं वजन आलं ते २००३ मध्ये. महाराष्ट्र शासन पक्षकार असलेल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की परदेशातल्या साक्षीदाराची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने नोंदवता येते आणि आरोपीच्या 'उपस्थिती'त पडद्यावरची उपस्थितीही बसते.

हे सगळे शब्द चुकले तरी बोलणं अडत नाही. खरेदीच्या कागदावर मात्र एक शब्द महागात पडतो, तो म्हणजे लुमेन, प्रकाश मोजायचं एकक. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ प्रकाश. प्रोजेक्टरचे लुमेन कसे मोजायचे याचं अमेरिकी मानक १९९२ मध्ये आलं: पूर्ण पांढरं चित्र पाडायचं, त्याचे नऊ समान चौकोन करायचे, प्रत्येकाच्या मध्यावर प्रकाश मोजून सरासरी काढायची आणि तिला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं. हे झाले एएनएसआय, म्हणजे अमेरिकी मानक संस्थेचे, लुमेन, विक्रेत्यांच्या तोंडी 'आन्सी'. पुढे आयएसओचंही मानक आलं. स्वस्त यंत्रांच्या खोक्यावर मात्र बऱ्याचदा आतल्या दिव्याचा प्रकाश छापलेला असतो. भिंग आणि पडदे पार करून भिंतीवर पोचतो तो त्याचा थोडासाच भाग. निविदेत नुसतं 'लुमेन' लिहिलं, तर असं यंत्रही अटीत बसतं, आणि मग भर दुपारी खिडक्यांना चादरी लावून व्याख्यान ऐकावं लागतं.