पार्श्वभूमी : चौथा अनलॉक

इंदूरच्या जेल रोडवर, डॉलर मार्केटातल्या एखाद्या दुकानात ‘फोन अनलॉक करायचाय’ असं म्हटलं की समोरचा आधी विचारतो, ‘कौन सा वाला, भिया?’ त्याचा प्रश्न रास्त असतो. एक जण पॅटर्न विसरलेला असतो. दुसऱ्याच्या मुलाने अमेरिकेहून पाठवलेला फोन तिथल्या एकाच कंपनीच्या सिमला बांधलेला असतो. तिसऱ्याने जुना फोन विकत घेतलेला असतो आणि रिसेट केल्यावर तो आधीच्या मालकाचं खातं मागत बसतो. ह्या तिन्ही कामांना आपल्याकडे अनलॉकच म्हणतात. चौथा अनलॉक बूटलोडरचा. तो मागणारे थोडे, पण फोनवर कंपनीच्या प्रणालीऐवजी (ऑपरेटिंग सिस्टीमऐवजी) दुसरी, खुली, म्हणजे जिचा कोड कोणीही पाहू-बदलू शकतो अशी, प्रणाली टाकायची तर तोच लागतो. फोन कंपन्या ही सोय आवळत चालल्या आहेत, आणि अलीकडची बरीचशी ओढाताणही त्याच्यावरूनच आहे.

बूटलोडर म्हणजे बटण दाबल्यावर आधी जागा होणारा छोटा प्रोग्राम. पुढे जी प्रणाली उभी राहायची आहे तिच्यावर कंपनीची डिजिटल सही आहे का, हे तो पाहतो. सही जुळवायची खूण चिपमध्ये कायमची कोरलेली असते, त्यामुळे ती बदलता येत नाही. बूटलोडर अनलॉक केला की परकी प्रणालीही चालू होते. बदल्यात फोनमधला सगळा डेटा पुसला जातो आणि दर वेळी चालू करताना पडद्यावर इशारा झळकतो. डेटा पुसणं योग्यच आहे, नाहीतर चोराचं फावलं असतं. वाद आहे तो अनलॉकची सोय ठेवायची की नाही, आणि ते कोणी ठरवायचं, याचा.

लोक विचारतात, अँड्रॉइड तर २००८ पासून खुलं आहे, त्याच्या पोटात लिनक्स ही खुलीच प्रणाली आहे, मग हे कुलूप आलं कुठून? त्यासाठी २९ जून २००७ ह्या तारखेकडे जावं लागतं. त्या दिवशी पहिला आयफोन विक्रीला आला. त्याच दिवशी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांच्या प्रमुख परवान्याची, जीपीएलची, तिसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यामागे टीव्हीवरचे कार्यक्रम टिपून ठेवणारं एक अमेरिकी यंत्र होतं. त्यात लिनक्स होतं आणि कंपनीने नियमाप्रमाणे सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, दिला होता. पण त्या कोडात बदल करून तो यंत्रात परत घातला की यंत्र चालायलाच तयार नसे, कारण सही जुळत नसे. म्हणजे पुस्तक वाचायला मोकळं, समासात लिहायला मनाई. नव्या परवान्याने ही पळवाट बुजवली : घरगुती वापराचं यंत्र विकलंत तर कोडाबरोबर, बदललेला कोड त्यावर बसवायला लागेल ते सगळं, गरज पडली तर सही करायची किल्लीसुद्धा, द्या.

लिनक्सच्या गाभ्यावर (कर्नलवर) काम करणाऱ्यांनी हे मानलं नाही. त्यांचं म्हणणं, आम्ही कोड दिला, तुम्ही सुधारलेला कोड परत द्या, हिशेब मिटला. यंत्र कसं असावं हे यंत्र बनवणारा बघेल. गाभा दुसऱ्या आवृत्तीवरच राहिला. अँड्रॉइडचा वरचा बराचसा भाग त्याहून सैल परवान्याखाली आला, तिथे तर सुधारलेला कोड परत देण्याचंही बंधन नाही. फोन कंपन्यांना एवढं पुरेसं होतं. गाभ्याचा कोड जाहीर करायचा, किल्ली खिशात ठेवायची. गाभा तिसऱ्या आवृत्तीवर गेला असता तर कंपन्यांनी दुसराच गाभा शोधला असता, असा युक्तिवाद करतात आणि तो अगदीच फोल नाही. पण आज आपण जी किंमत मोजतो आहोत तिची पहिली पावती तिथे फाटली, असं मला वाटतं.

सुरुवातीची वर्षं मात्र मोकळी होती. २००९ मध्ये सायनोजेनमॉड ही अँड्रॉइडवर बेतलेली खुली प्रणाली आली आणि इंजिनीअरिंगच्या पोरांना नवाच नाद लागला. रात्रभर रॉम, म्हणजे प्रणालीची फाइल, उतरवायची, सकाळी फ्लॅश करायची, म्हणजे फोनवर चढवायची. माझ्या मामेभावाने असाच एक फोन ब्रिक केला, म्हणजे पार बंद पाडला, आणि मामींना महिनाभर ‘चार्जिंग होत नाहीये’ एवढंच सांगितलं. डिसेंबर २०१४ मध्ये ह्या प्रणालीच्या भारतातल्या हक्कांवरून दोन फोन कंपन्यांचं भांडण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. २०१६ च्या अखेरीस प्रकल्प बंद पडला आणि त्यातून लीनिएजओएस उभं राहिलं, ते अजून चालू आहे.

खुल्या प्रणालींचे बाकीचे प्रयत्न थोडक्यात. फायरफॉक्स ओएसचा १,९९९ रुपयांचा फोन २०१४ मध्ये आपल्याकडे आला आणि विसरला गेला. उबंटू टच तिच्या कंपनीने २०१७ मध्ये सोडली, आता स्वयंसेवक सांभाळतात. गंमत अशी की फायरफॉक्स ओएसपासून निघालेली कायओएस त्याच २०१७ मध्ये दीड हजार रुपये अनामतीच्या बटणवाल्या फोनमधून भारतभर घरोघरी पोचली. वंश खुल्या प्रणालीचा, पण त्या फोनलाही कुलूपच होतं.

खरा फास नंतर आवळला. २०१६ मध्ये यूपीआय आलं आणि फोन म्हणजे पाकीट झालं. आता बँकेचं ॲप फोनच्या चिपकडून सही केलेला दाखला मागू शकतं : बूटलोडर कुलूपबंद आहे का, प्रणाली प्रमाणित आहे का? दाखला मनासारखा नसेल तर ॲप उघडतच नाही. म्हणजे बँकेने अनलॉकला मनाई केलेली नाही, फक्त त्यानंतर पोह्यांचे पैसे क्यूआरवरून जातील याची खात्री उरत नाही. काही ॲप चालतात, काही नाही, आणि आज चाललेलं पुढच्या अपडेटनंतर बंद पडतं. सुरक्षेचं कारण खोटं नाही. पण वर्षानुवर्षं सुरक्षा अपडेट न मिळालेला, कुलूपबंद जुना फोन ह्या तपासणीतून बहुधा सुटतो आणि ताज्या खुल्या प्रणालीचा अडकतो. मग तपासणी नेमकी कशाची होते, हा प्रश्न राहतोच.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आपल्या स्पर्धा नियामकाने अँड्रॉइडच्या मालक कंपनीला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, पण प्ले स्टोअरबाहेरून ॲप टाकण्यात अडथळे आणू नका, हा मूळ आदेशातला निर्देश रद्द केला. जानेवारी २०२३ मध्ये अँड्रॉइडच्याच कोडावर बेतलेली एक देशी प्रणालीही वाजतगाजत आली. दरम्यान एकेका फोन कंपनीने बूटलोडर अनलॉकला आधी अर्ज आणि प्रतीक्षा लावली, मग काहींनी ती सोयच काढली. ऑगस्ट २०२५ मध्ये नवी घोषणा झाली : प्रमाणित अँड्रॉइड फोनवर, स्टोअरबाहेरचं ॲपसुद्धा, ओळख पटवलेल्या डेव्हलपरचंच बसेल. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकी जगात २०२७ पासून पुढे. विरोध झाल्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये जाणकारांसाठी वेगळी वाट ठेवू, असं सांगण्यात आलं.

जेल रोडवर चौथा अनलॉक मागितला तर आता दुसरा प्रश्नही येतो : ‘यूपीआय इसी फोन पे चलाते हो क्या?’ हो म्हटलं तर दुकानदार फोन तसाच परत करतो.